स्मृतीचे अंदाजपत्रक

रत्नागिरीहून निघालेला रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला जेथे मिळतो, त्या हातखंब्याच्या तिठ्यावर दिवसाकाठी जी देवाणघेवाण होते, तिची नोंद आता वहीत क्वचितच होते. टपरीवरच्या चहाचे पैसे फोनवरून येतात. गाडीची वाट पाहणारा विद्यार्थी परीक्षेचा अर्ज फोनवरच भरतो. २०२२ पासून एस.टी.च्या वाहकांच्या हातीही अँड्रॉइड प्रणालीवर चालणारी तिकीटयंत्रे येऊ लागली. या सर्व साधनांच्या पोटात एक लहानसा हिशेबनीस बसविलेला असतो आणि त्याचे नाव वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या कानी गेलेले असते. एसक्यूलाइट हे ते नाव. फोनमधील नावे व क्रमांक, लघुसंदेश, व्हॉट्सॲपवरील संभाषणे, क्रोमवर पाहिलेल्या पानांची यादी हे सारे जतन करण्याचे आणि मागितले की क्षणात शोधून देण्याचे काम तो करतो.

बँका किंवा रेल्वे यांच्या व्यवहारांमागे जे मोठे डेटाबेस असतात ते वेगळ्या यंत्रावर, स्वतःच्या लवाजम्यासह चालतात. त्यांच्याकडे मागणी पाठवावी लागते आणि उत्तराची वाट पाहावी लागते. एसक्यूलाइटला अशी कचेरी नाही. ती एक लायब्ररी आहे. येथे लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे, तर दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञावलीच्या आत जशीच्या तशी बसविता येणारी तयार आज्ञांची जुडी. रिचर्ड हिप या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ती २००० साली प्रथम प्रसिद्ध केली. अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेवरील कामासाठी आज्ञावली लिहिण्याच्या कामावर तो होता. तेथील डेटाबेसची स्वतंत्र यंत्रणा बंद पडली की आज्ञावलीही हात टेकून बसे आणि दोष मात्र आज्ञावली लिहिणाऱ्याच्या माथी येई. तेव्हा मध्यस्थच नको, थेट फाइल उघडावी व वाचावी, या विचारातून ही निर्मिती झाली. हिपने ती कोणाच्याही मालकीची ठेवली नाही. जगातील कोणीही ती फुकट घ्यावी, बदलावी, विकावी अशी मोकळीक आहे. काही मोठ्या कंपन्या संघ करून तिच्या देखभालीचा खर्च उचलतात आणि २०५० सालापर्यंत ती सांभाळण्याचा संकल्प तिच्या कर्त्यांनी जाहीर केलेला आहे. अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणून जी संकल्पना शिकविली जाते, तिचे याहून स्वच्छ उदाहरण विरळाच.

परंतु स्वतःचे घर नसलेल्या या हिशेबनिसाची एक अडचण आहे. तो दुसऱ्याच्या घरात राहतो आणि त्याला लागणारी प्रत्येक गोष्ट यजमानाच्या शिधोट्यातून येते. त्यातील सर्वांत टंचाईची वस्तू म्हणजे स्मृती.

स्मृती या शब्दाने बाजारात बराच घोटाळा होतो, म्हणून तो आधी सोडविलेला बरा. फोन विकणारा जेव्हा ६४ किंवा १२८ जीबी सांगतो, तेव्हा तो साठवणुकीच्या जागेविषयी बोलत असतो. तेथील मजकूर फोन बंद केला तरी राहतो. रॅम म्हणून जी २, ३ किंवा ४ जीबीची दुसरी संख्या सांगितली जाते, ती कार्यस्मृती होय. आज्ञावली चालत असताना जे काही हाताशी लागते ते येथे मांडले जाते आणि वीज गेली की पुसले जाते. छायाचित्रे काढून टाकल्याने पहिली जागा मोकळी होते. फोन अडकतो तो बहुधा दुसरीच्या टंचाईने. या लेखातील विवेचन दुसरीविषयी आहे.

मेज आणि कपाट

कोणत्याही कचेरीतील जुन्या लिपिकाला हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही. सर्व दप्तर कपाटात असते, पण प्रत्येक कागदासाठी उठून कपाटापाशी जात राहिले तर दिवसभरात चार अर्जही निकाली निघणार नाहीत. म्हणून जी प्रकरणे सतत लागतात ती मेजावर राहतात. मेज भरले की जे प्रकरण बऱ्याच वेळात कोणी चाळलेले नाही ते कपाटात परत जाते. एसक्यूलाइट नेमके हेच करते. तिची फाइल सारख्या आकाराच्या पानांत विभागलेली असते. २०१६ पासून कर्त्यांनी ठरविलेला नेहमीचा आकार ४०९६ बाइटचा आहे. वाचलेली पाने ती कार्यस्मृतीत हाताशी ठेवते आणि त्यासाठीची नेहमीची मर्यादा सुमारे २० लाख बाइट, म्हणजे अशी ५०० पाने, इतकी आहे. मर्यादा गाठली की सर्वांत जास्त वेळ न वापरलेले पान बाहेर जाते. मात्र ज्या पानावर काही फेरफार झाला आहे ते तसेच टाकून देता येत नाही. ते आधी फाइलीत लिहावे लागते, आणि लिहिणे हे वाचण्यापेक्षा महाग काम आहे. त्यामुळे शिस्त अशी की कोरी पाने आधी काढावीत, लिहिलेल्या पानांना शक्य तोवर हात लावू नये.

ही ५०० पाने किती मजकुराची, हा प्रश्न मराठी माणसाने विचारण्यासारखा आहे. नेहमीच्या संकेतपद्धतीत रोमन लिपीच्या एका अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन, आणि येथे काना, मात्रा, अनुस्वार ही सारी स्वतंत्र चिन्हे होत. ‘हातखंबा’ या नावात अशी सात चिन्हे आहेत, म्हणून ते लिहावयास २१ बाइट लागतात. तेच नाव रोमन लिपीत नऊ अक्षरांत, नऊच बाइटांत बसते. एसक्यूलाइट दुसरीही एक संकेतपद्धती जाणते. तीत देवनागरीच्या चिन्हास दोन बाइट पुरतात, म्हणजे हातखंब्याचे १४ होतात व रोमन नावाचे १८. ही निवड मात्र फाइल निर्माण करतानाच करावी लागते, नंतर नाही. एखादी आज्ञावली केवळ मराठी मजकुरासाठीच लिहिली जात असेल तर हा विचार कोणी करतो काय? बहुधा नाही. मजकूर हा एकूण वापराचा लहान हिस्सा असल्याने त्यावाचून फार काही अडते असेही नाही. तरी मेजावर मावणाऱ्या प्रकरणांची संख्या लिपीवर अवलंबून असते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

मोठ्या पानांखेरीज किरकोळ खर्चही असतो. एखादा प्रश्न समजून घेताना लायब्ररीला शेकडो वेळा चिमूटभर स्मृती लागते व क्षणात परत करावयाची असते. प्रत्येक वेळी यजमानाच्या तिजोरीपर्यंत जाणे परवडत नाही. कचेरीत किरकोळ खर्चासाठी जशी थोडी रोकड वेगळी ठेवतात, तशी एसक्यूलाइट प्रत्येक जोडणीमागे लहान लहान कप्प्यांची एक पेटी सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवते व त्यातून भागविते.

तिजोरीशी वारंवार होणाऱ्या व्यवहाराचा दुसरा एक धोका अधिक गंभीर आहे. एस.टी.त पाच माणसांचे कुटुंब चढते. मोजून पाच आसने रिकामी असतात, पण एक चालकाच्या मागे, दोन मध्ये वेगवेगळ्या बाकांवर, दोन मागच्या टोकाला. शेजारी शेजारीच बसावयाचे असेल तर गाडी भरलेलीच म्हणावी लागेल. गाडीत निदान कोणाला सरकण्याची विनंती करता येते. एकदा दिलेली स्मृती साधारणतः सरकविता येत नाही, कारण तिचा पत्ता आज्ञावलीने ठिकठिकाणी लिहून ठेवलेला असतो. लहानमोठ्या मागण्या व परतफेडी चालू राहिल्या की स्मृतीची अशी तुकडेतोड होते आणि एकूण शिल्लक पुरेशी असतानाही मोठी मागणी फेटाळावी लागते. जे. एम. रॉबसन यांनी १९७४ साली या तुकडेतोडीची कमाल मर्यादा गणिताने बांधून दाखविली. प्रत्येक मागणी दोनाच्या घातात, म्हणजे ६४, १२८, २५६ अशा मापात दिली आणि सर्वांत मोठी मागणी सर्वांत लहान मागणीच्या ६४ पट असेल, तर प्रत्यक्ष गरजेच्या सुमारे चौपट स्मृती जवळ असताना तुकडेतोडीमुळे नकार देण्याची पाळी कधीही येणार नाही. एसक्यूलाइटमध्ये या सिद्धान्तावर चालणारा एक वाटपकार ऐच्छिक म्हणून ठेवलेला आहे. ज्या उपकरणात एकही नकार चालणार नाही, तेथे सुरुवातीलाच एक ठोक रक्कम त्याच्या हवाली करावयाची आणि पुढे तिजोरीचे दार कधी ठोठवावयाचे नाही. चौपट हा खात्रीचा भाव झाला. रोजच्या वापरात तो कोणी मोजत नाही.

नकाराची तालीम

अंदाजपत्रकाचा कस खर्चात नव्हे, पैसे संपतात तेव्हा लागतो. एसक्यूलाइटमध्ये यासाठी दोन मर्यादा घालता येतात. पहिली सौम्य आहे. ती ओलांडली जाऊ लागली की हाताशी ठेवलेली पाने सोडून देऊन वापर खाली आणण्याचा प्रयत्न होतो, आणि तरीही गरज भागत नसेल तर मर्यादेबाहेर जाऊ दिले जाते. दुसरी कठोर मर्यादा २०२० साली आली. ती ओलांडू पाहणारी मागणी सरळ नाकारली जाते. अँड्रॉइडने प्रत्येक ॲपच्या वाट्याला येणाऱ्या एसक्यूलाइटवर ८ एमबीची सौम्य मर्यादा घातलेली आहे आणि फोनची स्मृती आटू लागली की हाताशी ठेवलेली पाने परत करण्याचा हुकूम तीच प्रणाली सोडते. भाडेकरूने यजमानाच्या अडचणीत आपली जागा आवरून घ्यावी, असा हा करार आहे.

परंतु नकार मिळाल्यावर काय होते, हा प्रश्न उरतोच. बहुसंख्य आज्ञावली स्मृती मागितली की मिळणारच या गृहीतावर लिहिलेल्या असतात. न मिळाल्यास काय करावे याची आज्ञा एक तर लिहिलेली नसते, किंवा लिहिलेली असली तरी कधी चालवून पाहिलेली नसते. एसक्यूलाइटचे कर्ते येथे वेगळे ठरतात. ते एखादे काम चालवितात आणि त्यातील स्मृतीची पहिलीच मागणी मुद्दाम फेटाळतात. मग तेच काम पुन्हा सुरू करून दुसरी मागणी फेटाळतात, मग तिसरी, आणि एकही नकार न येता काम पूर्ण होईपर्यंत हे चालते. एकदा नकार देऊन पुढे सुरळीत होऊ देतात, दुसऱ्यांदा नकारानंतर सारेच नाकारतात. प्रत्येक वेळी एकच तपासले जाते. अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेतला गेला काय आणि फाइल अभंग राहिली काय? २०२३ सालच्या आवृत्तीत चाचण्यांसाठी लिहिलेल्या आज्ञांचे प्रमाण मूळ लायब्ररीच्या सुमारे ५९० पट होते. फुकट मिळणाऱ्या वस्तूवर इतकी मेहनत घेतली जाते, ही गोष्ट ‘फुकटचे ते हलके’ असे मानणाऱ्यांनी विचारात घ्यावी.

खर्च कोणाचा?

असा काटकसरी हिशेबनीस प्रत्येक फोनमध्ये असताना फोन अडकतात ते का? याचे उत्तर लायब्ररीत नाही, यजमानात आहे. लायब्ररीला प्रश्न विचारून झाल्यावर तो बंद करण्याचे आज्ञावली लिहिणाऱ्याने विसरले, की त्यासाठी दिलेली स्मृती अडकून पडते. अशी गळती दिवसभर चालली तर लहान फोन संध्याकाळपर्यंत थकतो. एकच फाइल दहा जोडण्यांनी उघडली की प्रत्येक जोडणीचे मेज वेगळे, म्हणून तीच पाने दहादा मांडली जातात. मोठी छायाचित्रे स्वतंत्र फाइलीत ठेवून डेटाबेसमध्ये केवळ त्यांचा पत्ता लिहावयाचा, हा साधा नियमही पुष्कळदा मोडला जातो. अँड्रॉइडमध्ये डेटाबेसचे उत्तर ज्या खिडकीतून ॲपकडे येते तिचा नेहमीचा आकार २ एमबी आहे. फोनने काढलेले एक छायाचित्र सहज त्याहून मोठे असते आणि मग ती ओळ खिडकीतून बाहेरच येत नाही.

या चुका होतात त्या अज्ञानामुळे तितक्या नव्हे, जितक्या किमतीच्या रचनेमुळे. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या टेबलावरील संगणकास १६ किंवा ३२ जीबी स्मृती असते. त्याने वाया घालविलेल्या स्मृतीचे बिल त्याला येत नाही, ते फोनच्या मालकाला येते. अर्थशास्त्रात यास बाह्य खर्च म्हणतात. कारखान्याच्या धुराचे जे गणित, तेच येथे. फोनची कार्यस्मृती हे गावाचे गायरान आहे. प्रत्येक ॲप आपली जनावरे अधिकाधिक सोडते, कारण चाऱ्याला दाम नाही. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली या शोकांतिकेवर लिहिले. एलिनॉर ऑस्ट्रोम यांनी १९९० च्या ग्रंथात दाखवून दिले की ही शोकांतिका अटळ नाही. वापरणाऱ्यांनी आपसांत मर्यादा ठरवून त्या पाळल्या तर गायराने टिकतात. त्यांना २००९ साली नोबेल मिळाले. फोनमध्ये मात्र असा आपसांतील करार नाही, आहे तो केवळ फौजदार. स्मृती संपत आली की अँड्रॉइड मागे पडलेली ॲपे सरळ मारून टाकते.

या फौजदारीचा अनुभव स्वस्त फोन बाळगणाऱ्या प्रत्येकाने घेतलेला आहे. विद्यार्थी अर्ज अर्धा भरतो, ओटीपी आला म्हणून संदेश पाहावयास जातो आणि परततो तो अर्ज कोरा. संदेश उघडण्यास जागा हवी म्हणून अर्जाचे ॲप मारले गेलेले असते. विद्यार्थी बिचारा नेटवर्कला दोष देतो. वस्तुतः अर्जाचा प्रत्येक रकाना भरताक्षणी एसक्यूलाइटच्या फाइलीत उतरवून ठेवला असता, तर ॲप मेले तरी अर्ज जिवंत राहिला असता. त्यासाठी लागणारी लायब्ररी त्याच फोनमध्ये, फुकट, बसलेली असते.

स्मृती वाढवीत नेणे हा उपाय नव्हे, याचा अनुभव रत्नागिरी जिल्ह्याला निराळ्या संदर्भात आहे. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही उन्हाळ्यात येथील वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अँड्रॉइडची हलकी आवृत्ती २०१७ साली जाहीर झाली ती १ जीबी व त्याहून कमी स्मृतीच्या फोनांसाठी. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपर्यंत तिलाही किमान २ जीबी लागू लागले. यंत्रे जितक्या वेगाने जलद होतात त्याहून अधिक वेगाने आज्ञावली मंद होतात, असे निकलाउस वीर्ट यांनी १९९५ सालीच बजावले होते. स्मृती दरवर्षी स्वस्तच होत जाणार या भरवशावर हा कारभार चालला होता. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी चिप्सची उचल केल्यामुळे जगभर स्मृतीचे भाव चढले आणि त्या भरवशास तडा गेला.

महाराष्ट्राला हा प्रश्न त्याआधीच भेटला होता. अंगणवाडी सेविकांना शासनाने दिलेले फोन २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर हजारोंच्या संख्येने परत करण्यात आले. फोन तापतो, अडकतो, २ जीबी स्मृतीत काम चालत नाही, शिवाय पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत, या त्यांच्या तक्रारी होत्या. नवे, समर्थ फोन द्या ही मागणी सेविकांच्या बाजूने रास्तच होती. कुपोषित बालकाचे वजन नोंदविताना नोंदवही अडली तर त्याचा जाब अखेर त्यांनाच द्यावा लागतो. परंतु बालकाचे नाव, वय, उंची, वजन ही काही आकड्यांची नोंद. तिच्या अशा हजारो ओळी एसक्यूलाइटच्या ५०० पानांत मावतात. फोन अपुरा ठरला हे खरे, पण त्याच्याकडून मागितले किती गेले, हा प्रश्नही त्याच वेळी आणि तितक्याच मोठ्या आवाजात विचारला जावयास हवा होता.

तो विचारण्याची जागा म्हणजे निविदा. रस्त्याच्या निविदेत खडीची जाडी लिहिलेली असते, शाळेच्या बाकाच्या निविदेत लाकडाचा प्रकार. शासकीय ॲपच्या निविदेत तितक्याच स्पष्टपणे लिहिता येईल की ते २ जीबीच्या फोनवर चालले पाहिजे, कार्यस्मृतीचा त्याचा वापर अमुक आकड्यापलीकडे जाता कामा नये, आणि मध्येच मारले गेल्यास भरलेली माहिती जशीच्या तशी परत मिळाली पाहिजे. स्वीकृतीची चाचणी घेण्यास प्रयोगशाळा लागत नाही. संदेशांनी व छायाचित्रांनी भरलेला एक जुना फोन समितीच्या टेबलावर ठेवावा, अर्ज अर्धा भरावा, व्हॉट्सॲप उघडावे, कॅमेरा उघडावा, पाच मिनिटांनी अर्जाकडे परतावे. रकाने कोरे आढळले तर बिल थांबवावे.